पायरीवरचा पालथा डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. कसला डबा, हे पहिल्याच वाक्यात सांगायचं असतं हे मला ठाऊक आहे, पण जीभ रेटत नाही. तुम्ही शाळेत फुटक्या पाटीचं आत्मवृत्त लिहिता, जुन्या छत्रीचं लिहिता, पडक्या देवळाचंही लिहिता. माझं लिहायला कुठल्याच बाई सांगत नाहीत, आणि त्यांचं काही चुकतं असंही नाही. बरं, एकदा सांगून टाकतो. मी संडासाच्या पायरीवरचा डबा आहे. लोक मला टमरेल म्हणतात. हसू आलं असेल तर हसून घ्या. मी थांबतो.

पण मला लाज वाटते ती माझ्या कामाची नव्हे. कामाची लाज कधीच झिजून गेली. मला लाज वाटते ती दुसऱ्याच एका गोष्टीची. तीच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म काष्टीच्या आठवडे बाजारातला. जनावरांच्या बाजाराशेजारी दगडाबाई नावाची एक बाई गोणपाट अंथरून बसायची. हातात कातर, पुढ्यात तेलाचे रिकामे डबे. तिनं एक डबा उलगडला, पत्रा सरळ केला आणि त्याचे दोन तुकडे केले. एका तुकड्याचं पिठाचं माप झालं, दुसऱ्याचा मी झालो. काठाला तार घालून पत्रा दुमडला, एक कान जोडला, बुडाच्या जोडाला कथलाचा डाग दिला. सूर्याकडे धरून तिनं मला आतून पाहिलं. कुठूनही उजेड येईना, तेव्हा म्हणाली, "गळायचा न्हाई जलमात." माझ्या आयुष्यातलं हे पहिलं कौतुक. दुसरं मिळायला पंचवीस वर्षं लागली.

त्या बाजारात नेवासा तालुक्यातून काकासाहेब आले होते. ते आले होते गाय घ्यायला. गाय मनासारखी मिळाली, त्या आनंदात त्यांनी माप आणि मी असे दोघे भाऊ विकत घेतले. गायीबरोबर टेम्पोत बसून आम्ही त्यांच्या वस्तीवर आलो. काकासाहेबांच्या पत्नी मुक्ताबाई अंगणात उभ्या होत्या. त्यांनी दोघांना हातात घेऊन पाहिलं. माप आत नेलं आणि माझ्याबद्दल म्हणाल्या, "ह्यो भाईर ऱ्हाऊ द्या." एकाच पत्र्याचे आम्ही दोघे. तो पिठात बसला आणि मी इथं. नशीब म्हणतात ते हेच असावं.

आमची वस्ती शनिशिंगणापूरच्या शिवेला लागून आहे. तिथल्या रीतीप्रमाणे आमच्या घराला चौकट आहे, पण दार नाही. देवाच्या हद्दीत कडी-कुलूप लावायचं नाही. पहिली पंधरा-सोळा वर्षं मी बांधाबांधानं शेतात जात-येत होतो. मग अंगणाच्या कडेला, शेवग्याच्या झाडाखाली, संडास बांधला गेला. त्यालाही दार बसलं नाही, जुन्या लुगड्याचा दुहेरी पडदा लागला. आत बादली आली, प्लास्टिकचा मग आला. माझं काम संपलं असं मी धरून चाललो होतो. पण पडद्याला कडी नसते. आत कोणी आहे की नाही, हे बाहेरच्याला कळायचं कसं?

त्यावर काकासाहेबांनीच तोड काढली. आत जाताना पायरीवरचा डबा सरळ ठेवायचा, बाहेर आल्यावर पालथा घालायचा. डबा सरळ असेल तर आत माणूस आहे, पालथा असेल तर मोकळं आहे. आधी मगाला हे काम दिलं होतं, पण तो वाऱ्यानं उडून उसात जाऊन पडायचा. मी पत्र्याचा, वजनदार. मी जागचा हलत नसे. मित्रांनो, दार नसलेल्या घराचं मी दार झालो. मी खोटं बोललो तर काय होईल, हा विचार तेव्हा माझ्या मनालाही शिवला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी भादव्यात मुक्ताबाईंचं पोट बिघडलं. त्यांचं वय तेव्हा अठ्ठावन्न. पहिल्या दिवशी मी काही मनावर घेतलं नाही. जत्रेत खाल्लेलं बाधतं, पहिल्या पुराचं पाणी बाधतं. असे जुलाब मी पुष्कळ पाहिले होते. त्यांची तऱ्हा ठरलेली असते. घरातले दोघे-तिघे एकदम आजारी पडतात, एखाद्याला ताप येतो, आणि तीन-चार दिवसांत सगळे ताकभात खायला लागतात.

हे तसं नव्हतं. काकासाहेब तीच भाकरी खात, तेच पाणी पीत, आणि ठणठणीत असत. मुक्ताबाईंना ताप नव्हता. पण दिवसातून आठ-आठ वेळा, कधी दहा वेळा त्या पायरीवर येत. आतून येणारा आवाज नुसत्या पाण्याचा असे. चार घास पोटात गेले की पोटात कळ येई आणि हातातलं काम टाकून त्यांना धावावं लागे. झोपेतूनही उठावं लागे. आठवडा गेला, पंधरवडा गेला, महिना गेला. मधे चार-आठ दिवस बरे जात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ओट्यापासून पायरीपर्यंतची दहा पावलंही कधीकधी त्यांना पुरत नसत. मग त्या कुणी पाहायच्या आत लुगडं धुऊन वाळत घालत आणि काकासाहेबांनी विचारलं तर सांगत, "शेन लागलं हुतं."

मी सगळं पाहत होतो. एवढे दिवस चाललेलं हे साधं दुखणं नव्हे, हे मला काकासाहेबांच्या आधी कळलं होतं. पण डब्याला तोंड असलं तरी जीभ नसते.

काकासाहेब माणूस चांगला, पण थट्टेखोर. एकदा अंगणात बाजेवर बसून ते म्हणाले, "मुक्ते, आज डबा दिसभर सरळच हाय. त्यो बी दमला असंल." त्यांच्या मनात काही नव्हतं. पण मुक्ताबाईंचा चेहरा कानापर्यंत तांबडा झाला. दुसऱ्या दिवसापासून त्या आत जाताना मला पालथाच ठेवू लागल्या.

हीच ती गोष्ट, मित्रांनो. आत माणूस आणि बाहेर मी पालथा. पायरीवरून हललो असतो, खणकन खाली पडलो असतो, तरी काही इलाज झाला असता. पण खरं सांगतो, मला बरंच वाटलं. दिवसातून दहादा उताणा पडून सगळ्या अंगणाला त्यांची चुगली करण्यापेक्षा हे बरं, असं मी मनाला समजावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मुठीत काय दडलं होतं, ते मला माहीत असूनही मी गप्प बसलो.

मुक्ताबाईंनी आणखी एक तोड काढली होती. पोटात काही गेलं नाही की जाणं थोडं कमी होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. म्हणून कुठं बाहेर जायचं असेल त्या दिवशी त्या जेवेनात. आमच्या भागात शनिवारचा उपवास घरोघर असतो, त्यामुळे शनिवार खपून गेला. मग सोमवार आला, गुरुवार आला, चतुर्थी आली. लग्नाला गेल्या तर ताटावर बसत नसत, म्हणत, "मला उपवास हाय." हळदीकुंकवाला गेल्या तर दूधसुद्धा नको म्हणत. शेवटी आठवड्यातले चार दिवस त्या निरंकार राहू लागल्या.

आणि लोकांनी काय करावं? लोक त्यांच्या पाया पडू लागले. भजनातल्या बायका म्हणत, "मुक्ताबाईवानी व्रत आपल्याच्यानं हुनार न्हाई." त्यांची हाडं वर आली, ती लोकांना तपश्चर्या वाटली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, पोलक्याला दोन्हीकडून टीप घालावी लागली. मनगटाएवढ्या झालेल्या त्या दंडाकडे पाहून बायका हात जोडत. मुक्ताबाई पाय मागे घेत, पण खरं सांगत नसत. त्यांना देवाचीही भीती वाटे आणि बायकांचीही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो त्या सोसत होत्या.

आता रुपालीबद्दल सांगतो. रुपाली ही मुक्ताबाईंची एकुलती एक लेक, पुण्याला दिलेली. पहिलं बाळंतपण आमच्याकडेच झालं, तेव्हा मुक्ताबाई सव्वा महिना लेकीच्या उशाशी बसून होत्या. या वर्षी तिला दुसऱ्यांदा दिवस गेले. दुसरं बाळंतपण सासरी करायचं, पण तिच्या सासूबाई वारलेल्या. घरात करणारं बाईमाणूस नाही. म्हणून सातव्या महिन्यात तिचे सासरे, बिभीषण व्याही, स्वतः गाडी करून आले. मुक्ताबाईंना दोन महिन्यांनी पुण्याला न्यायचं, एवढंच विचारायला.

चहा झाला. बिभीषणरावांनी विषय काढला. मुक्ताबाई काही बोलणार तोच त्यांच्या पोटात कळ आली. "गायीला पानी दावून येते," असं म्हणत त्या उठल्या, शेवग्याखाली आल्या, मला पालथा ठेवून आत गेल्या. थोड्या वेळानं बिभीषणराव निघायच्या तयारीला लागले. लांबचा प्रवास, म्हणून तेही शेवग्याकडे आले. मागच्या खेपेला काकासाहेबांनीच त्यांना हसत हसत ही रीत समजावली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पालथा होतो. त्यांनी पडदा बाजूला केला.

पुढचं मी सांगणार नाही. व्याही माणूस, ज्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. ते मागच्या मागं फिरले, मान खाली घालून गाडीत जाऊन बसले. मुक्ताबाई पाऊण तास बाहेर आल्या नाहीत. गाडी गेल्याचा आवाज आला, तरी आल्या नाहीत. काकासाहेबांना काय घडलं ते कळलंच नाही, ते व्याह्यांना नारळ द्यायचा राहिला म्हणून हळहळत होते.

चार दिवसांनी रुपालीचा फोन आला. आमच्याकडे मोबाईलला रेंज शेवग्याखालीच येते, त्यामुळे घरातली सगळी बोलणी माझ्या कानावर पडतात.

"आई, मामंजी काही नीट सांगत नाहीत. तुझ्या आईला जमेल असं दिसत नाही, एवढंच म्हणाले. का गं?"

मुक्ताबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "वर्साचं व्रत बोललेय गं शनिदेवाला. गाव सोडता येत न्हाई."

"व्रत? माझ्या बाळंतपणापेक्षा व्रत मोठं?"

"देवाचं हाय, बाई."

"बरं," रुपाली म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "आता तुला देव पाहिजे, मी नको. राहू दे. बघीन माझं मी."

फोन बंद झाला. मुक्ताबाई शेवग्याला टेकून उभ्या राहिल्या. पुण्याला जायचं म्हणजे चार तास गाडीत. त्या अर्धा तासही बसू शकत नव्हत्या. लेकीला हे सांगायचं तर त्याआधी वर्षभराचं खोटं सांगावं लागणार. आणि सांगितलं नाही तर लेक तुटणार. मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी कशाला साथ देत होतो.

या घटनेनंतर आठवड्याभरानं जयमालाताई आल्या. त्या आमच्या गावच्या आशा सेविका, बौद्धवस्तीवर राहणाऱ्या. घरोघर जाऊन तिशीपुढच्या माणसांची नावं, वजनं, रक्तदाब लिहून नेण्याचं त्यांचं काम. इथं मला आणखी एक लाजेची गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांची आई राहीबाई पूर्वी आमच्या शेतावर खुरपायला येत असे. तिच्या चहाचा कप घरात नसे. तो माझ्या शेजारच्या कोनाड्यात असे. वीस वर्षं तो कप माझा शेजारी होता. मी घराबाहेर असणं एक वेळ समजू शकतो. माणसाचा कप माझ्या शेजारी का, हे मात्र मला कधी कळलं नाही.

जयमालाताई बाजेवर बसून काकासाहेबांकडून माहिती लिहून घेत होत्या. तेवढ्या वेळात मुक्ताबाई तीनदा शेवग्याकडे येऊन गेल्या. तिन्ही वेळा मी पालथा. चौथ्यांदा त्या आल्या, तेव्हा जयमालाताईंनी वही मिटली. त्या माझ्यापाशी आल्या, पायरीवर बसल्या, मला उचललं आणि सरळ करून ठेवलं.

"काकू, मी जयमाला. डबा सरळ केलाय. मी बसलेय हितं. कुनी येनार न्हाई, तुमी सावकाश या."

मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं,

"काकू, किती दिस झालं ह्याला?"

पडद्याआडून मुक्ताबाई म्हणाल्या, "कशाला?"

"जुलाबाला."

पडदा मधे होता म्हणूनच त्या बोलल्या असाव्यात. समोरासमोर त्या मेल्या असत्या पण बोलल्या नसत्या. म्हणाल्या, "वर्साच्या वर झालं. कुनाला सांगशील?"

"मी कुनाला सांगत न्हाई. रक्त पडतंय का?"

"न्हाई. नुसतं पानी."

"रातच्याला उठावं लागतंय?"

"व्हय. दोनदा, तीनदा."

"कापडं खराब हुत्यात का कधी?"

यावर नुसता हुंदका आला. जयमालाताईंनी उत्तर समजून घेतलं आणि पडद्यावर बाहेरून हात ठेवला. म्हणाल्या, "काकू, चार आठवड्यांच्या वर जुलाब टिकलं तर ते दाखवायलाच पायजे, एवढं आमाला शिकवलंय. मी काय डॉक्टर न्हाई. पन ह्यो उपवास न्हाई हे मला दिसतंय. तुमचं वजन मागल्या साली चौपन्न लिहिलंय माझ्या वहीत. आज किती भरंल?"

त्या दिवशी काटा त्रेचाळीसवर थांबला.

मुक्ताबाई डॉक्टरांकडे जायला तयार झाल्या, पण एक अट घातली. डॉक्टर पुरुष असेल तर त्या तोंडानं काही सांगणार नाहीत. जयमालाताईंनी थोडा विचार केला आणि मला उचललं. "तोंडानं नका सांगू. आठ दिस हा डबाच सांगंल," असं म्हणून त्यांनी समजावलं. पडद्याआत कोपऱ्यात एक वाडगं ठेवायचं. दिवसा गेलं की त्यात एक चिंचोका टाकायचा. झोपेतून उठावं लागलं तर मक्याचा दाणा. कापड खराब झालं तर पांढरा खडा. आणि रक्त दिसलं तर लाल गुंज. सातवा दिवस संपला की सगळं माझ्यात ओतून डॉक्टरांसमोर ठेवायचं.

आठवडाभर त्या आत असताना मी पायरीवर सरळ उभा राहिलो आणि आत टपटप आवाज ऐकत राहिलो.

मग आम्ही नगरला गेलो. मी जन्मात पहिल्यांदा शहर पाहिलं, तेही कापडी पिशवीच्या तोंडातून. मुक्ताबाई आदल्या दुपारपासून जेवल्या नव्हत्या. वाटेत दोनदा गाडी थांबवावी लागली. जयमालाताई बरोबर होत्या, त्या दोन्ही वेळा शाल धरून आडोसा करून उभ्या राहिल्या. काकासाहेब रस्त्याच्या पलीकडे तोंड करून उभे होते. त्यांना आता सगळं कळलं होतं. थट्टा करणारा तो माणूस दोन दिवस कुणाशी धड बोलला नव्हता.

पोटविकारांचे डॉक्टर पुरुषच निघाले. मुक्ताबाईंनी खाली मान घालून पिशवीतून मला काढलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं. मित्रांनो, पांढरं शुभ्र टेबल, त्यावर काच, शेजारी डॉक्टरांचं पेन. आणि त्यावर मी. मला वाटलं, दगडाबाईनं बुडाला डाग दिलाच नसता तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी आत पाहिलं. जयमालाताईंनी कशाला काय ते सांगितलं. त्यांनी मला कागदावर उपडं केलं आणि बोटानं वेगवेगळं करत मोजलं. सात दिवसांचे एकसष्ट चिंचोके, सतरा मक्याचे दाणे, नऊ पांढरे खडे. गुंज एकही नाही.

"रक्त नाही. ताप नाही. रात्री झोपेतून उठावं लागतं. अकरा किलो वजन गेलं," ते सावकाश म्हणाले. मग मुक्ताबाईंकडे पाहून म्हणाले, "आजी, इतकं नीट कुणी आणून दाखवत नाही. फार चांगलं केलंत. आणि डबाही छान आहे."

हेच ते दुसरं कौतुक. मला ते पेलवलं नाही, कारण मी ते कमावलं नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं, "कुठल्या गोळ्या घेता?" मुक्ताबाईंनी कनवटीला लावलेली पुडी काढली. गुडघे दुखतात म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेली एक गोळी, आणि तिनं पित्त होतं म्हणून दुसरी. दोन्ही गेली तीन वर्षं रोज चालू होत्या. डॉक्टरांनी ती पुडी बराच वेळ पाहिली. मग रक्त तपासलं, थायरॉईड तपासलं, शौच तपासायला दिलं आणि दुर्बिणीनं मोठं आतडं पाहायचं ठरवलं.

दुर्बीण झाली त्या दिवशी ते म्हणाले, "आतडं दिसायला स्वच्छ आहे."

हे ऐकून मुक्ताबाई रडायला लागल्या. त्यांचं रडणं काकासाहेबांना कळेना. ते म्हणाले, "अगं, चांगलं हाय म्हनत्यात की."

"चांगलं कसं? आता समद्यास्नी वाटंल मी सोंग करत हुते."

डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. म्हणाले, "तुम्ही सोंग करत नाही. हा आजार डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच मी आतड्याचे बारीक तुकडे तपासायला काढलेत. वरून स्वच्छ दिसणारं आतून तसंच असेल असं नाही."

मी पिशवीत होतो. वरून स्वच्छ दिसणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आठ दिवसांनी उत्तर आलं. त्या आजाराचं नाव कोलॅजेनस कोलायटिस. डॉक्टरांनी समजावलं ते मला समजलं तसं सांगतो. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि त्याखाली कोलॅजेन नावाचा एक थर जाड होत जातो. मग आतडं पाणी नीट शोषून घेत नाही, ते तसंच बाहेर येतं. हा कर्करोग नव्हे, संसर्ग नव्हे, कुणाला लागत नाही. पन्नाशीपुढच्या बायकांत जास्त दिसतो. काही वेदनाशामक आणि पित्ताच्या गोळ्यांशी त्याचा संबंध असू शकतो. त्यांनी त्या दोन्ही गोळ्या बंद करून गुडघ्यांसाठी वेगळा उपाय दिला आणि आतड्याच्या सुजेवर औषध सुरू केलं. "हा परत उलटू शकतो," त्यांनी बजावलं. "उलटला तर लगेच या. उपवास धरू नका."

काकासाहेब बाहेर बाकावर येऊन बसले आणि बायकोला म्हणाले, "डबा सरळ हाय म्हनून मी हसत हुतो, मुक्ते." मुक्ताबाईंनी त्यांच्या हातात पिशवी दिली, आणि मला धरून ते गाडीपर्यंत चालत गेले.

तीन आठवड्यांत वाडग्यातले चिंचोके कमी होत गेले. आठाचे चार झाले, चाराचे दोन. मक्याचे दाणे थांबले. एका शनिवारी भजनातल्या बायका आल्या, तेव्हा मुक्ताबाई ओट्यावर ताट घेऊन बसल्या होत्या आणि भाकरी खात होत्या. एक बाई नेहमीप्रमाणे पाया पडायला वाकली. मुक्ताबाईंनी पाय आखडून घेतले आणि म्हणाल्या, "नगं पडूस, बाई. व्रत न्हवतं ते, पोट बिघडलं हुतं माझं. लाजंपाई खोटं बोलले." बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मग त्यांतलीच एक, नेहमी मागच्या रांगेत बसणारी, हळूच म्हणाली, "माझं बी चार म्हैन्यांपून तसंच हुतंय." जयमालाताईंच्या वहीत त्या दिवशी आणखी एक नाव चढलं.

जयमालाताईंनी त्या दिवशी चहा स्वयंपाकघरात बसून घेतला. कोनाड्याकडे दोघींपैकी कुणीही पाहिलं नाही. मी मात्र तिकडेच पाहत होतो.

राहिली होती रुपाली. मुक्ताबाई शेवग्याखाली आल्या, फोन लावला, पुन्हा बंद केला, पुन्हा लावला. पलीकडून रुपाली नुसतंच "हं" म्हणाली.

"रुपाली, मला उपवास न्हवता गं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. चिंचोके, दाणे, खडे, लुगडी. मामंजींनी पडदा उचलला तेही सांगितलं. शेवटी रुपाली म्हणाली, "आई, मला वाटलं तुला मी नकोशी झाले. आणि तू तिथं एकटीनं..." दोघीही फोन धरून रडत राहिल्या.

मित्रांनो, आता तुम्हांला एक विनवणी. घरातली आई, आजी, काकू वारंवार उठून जात असेल, ताटावर बसायचं टाळत असेल, प्रवासाला नको म्हणत असेल, तिच्या बांगड्या ढिल्या होत असतील, तर तिला देवभोळी म्हणून मोकळे होऊ नका, आणि हसू तर मुळीच नका. जुलाब महिनाभर टिकले, रक्त नसलं तरी, झोपेतून उठवू लागले, तर डॉक्टरांना दाखवा. आजाराचं नाव तपासल्याशिवाय ठरत नाही, ते तुम्ही ठरवू नका आणि मीही ठरवत नाही. तुम्ही फक्त विचारा. समोरासमोर विचारवत नसेल तर पडद्याबाहेर बसून विचारा.

नवव्या महिन्यात मुक्ताबाईंना न्यायला बिभीषणराव पुन्हा गाडी घेऊन आले. अंगणात बाजेवर बसले, पण नजर वर करेनात. मुक्ताबाईंनी नवं पोलकं घातलं होतं, बोचकं बांधून तयार होतं. निघायच्या आधी त्या शेवग्याकडे आल्या. मला उचललं, सगळ्यांना दिसेल असं पायरीच्या मधोमध सरळ ठेवलं आणि डोक्यावरचा पदर नीट करून मोठ्यानं म्हणाल्या, "दादा, मी आत हाय. जरा थांबा."

बिभीषणरावांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "थांबतो की, ताई. सावकाश या."

मी सरळ उभा राहिलो. या पायरीवर आल्यापासून माझ्याकडून एवढंच एक काम मागितलं होतं.